ऐरणीला पाय फुटले त्याची हकिकत

मागच्या ओसरीवरून,
दिवसाउजेडी लिहिलेलं

प्रिय भाऊजींस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. कमी पडले तर त्यात आईंचे मिळवून घ्या, त्यांच्याकडे ते नुसते साठून राहिलेत, इथे वाकून घ्यायला माणूसच उरलेलं नाही. तुमच्या कंबरेचं कसं काय? जाऊबाईंनी कळवलं होतं की हल्ली खुर्चीतून उठताना तुम्ही टेबलाच्या पाया पडल्यासारखे दिसता. जपा. आमच्याकडे सगळं ठीक. आईंना आता दोन्ही कानांनी काही म्हणजे काही ऐकू येत नाही, त्यामुळे घरात भांडण हा प्रकारच संपला आहे. (त्या बोलतात, मी ऐकते; मी बोलते, त्या हसतात. शेजारणी म्हणतात सासू-सुनेचं किती जुळतं. जुळायला एकीने तरी बहिरं असावं लागतं, हे त्यांना कोण सांगणार?) बाकी दात सोडले तर त्यांचं सगळं जागच्या जागी आहे आणि जीभ तर पहिल्यापेक्षा धारदार आहे.

तुमचं पत्र येऊनही बरेच दिवस झाले. तुम्ही लिहिलंत की वहिनी, दादा गेले, आता ती ऐरण भंगारवाल्याला देऊन टाका, कारखान्याला कुलूप घाला आणि आईंना घेऊन आमच्याकडे कायमच्या या, वरची खोली रिकामीच आहे. वाचून डोळे भरून आले, खोटं बोलत नाही. लगेच उत्तर लिहायलाही बसले होते. पण मध्ये ऐरणीनेच असं काही मांडून ठेवलं की काय लिहावं तेच कळेना. आता सगळं निस्तरलं आहे (असं मी म्हणते), तेव्हा पहिल्यापासून सांगते. तुम्ही मोजणी खात्यातले, जमिनी मोजण्यात हयात गेली, तुम्हाला यात गोडी वाटेल. घाबरट माणसांना वाचून दाखवू नका.

झालं असं. एका दुपारी आम्ही दोघी जेवून जरा लवंडलो होतो. कारखान्यातून धप्पकन आवाज आला, कोणीतरी उंचावरून उडी मारावी तसा. आईंना आवाज कसला ऐकू येणार, पण त्याही उठून बसल्या आणि म्हणाल्या, “जमीन हलली.” जाऊन बघते तर ऐरणीखालचा तो जुना ओंडका उभा चिरून दोन भाग झालेला, आणि ऐरण एका अंगावर कलून, शिंग वर करून, चिखलात बसलेल्या म्हशीसारखी बसलेली. हे गेल्यापासून कारखाना बंदच होता. वर्षभरात तिला कोणी बोटही लावलं नव्हतं. आमच्या घावांखाली ज्याने इतकी वर्षं तग धरला तो ओंडका, कोणी हात लावत नाही म्हणून फुटला. माणसांचंही असंच होतं म्हणा.

आता भंगारवाल्याला द्यायचीच होती तर पडली होती तशी पडू द्यायची की नाही? पण मला ते बघवेना. मी मनाशी म्हटलं, विकायची तर विकू, पण आधी उभी तरी करू. (आणि भाऊजी, तुमच्यापासून काय लपवायचं, खाणीवरचे लोक दर आठवड्याला दारावरून विचारत जात होते, पहारी बोथट झाल्यात, छिन्न्या बोथट झाल्यात, कोणी आहे का. इतकी वर्षं ह्यांच्यासमोर उभं राहून घण मी मारला. लोखंड कधी पिवळं होतं, कधी लाल, कधी हट्टाला पेटतं, ते मला माझ्या चुलीवरच्या दुधापेक्षा जास्त कळतं. मग आपणच करावं असं मनात येणारच.)

ओंडका मिळेना. म्हणून वेल्डरला बोलावलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान आहे, लोकांची फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या करतो. सगळे त्याला गॉगल म्हणतात, कारण काळा चष्मा त्याच्या नाकावरून उतरत नाही. वेल्डिंग करताना ठीक आहे हो, पण हा चहा पितानाही घालतो, आणि अंधाऱ्या कारखान्यात शिरल्या शिरल्या आधी भात्याला धडकला, मग मला. ऐरणीकडे बघून म्हणाला, “वहिनी, लाकडाचा जमाना गेला. लोखंडाचा स्टँड करू. तीन पाय. चार केले तर एक तरी कुरकुरतो, तीन कधी डगमगत नाहीत.” मला पटलं. मग त्याने पायांवर वेलबुट्टी काढू का विचारलं. मी नको म्हटलं. दोन्ही बाजूंना एकेक हंस? मी नुसती बघत राहिले तेव्हा गप्प बसला.

पण कामाचा माणूस चोख. पायांना जाड चौकोनी पाइप घेतले, बाहेरच्या बाजूला जरा फाकवून. वर जाड प्लेट, प्लेटवर ऐरणीचे पाय आवळून धरायला अँगलचे तुकडे आणि बोल्ट, ऐरणीखाली टायरच्या रबराची पट्टी. म्हणाला, पोकळ पाइपावर ऐरण ठेवली की ती देवळातल्या घंटेसारखी वाजते, सगळी गल्ली उठून अंगावर येईल; म्हणून पायांत वाळू भरायची, वाळूने आवाज मरतो. वाळू मात्र खडखडीत कोरडी हवी, ओल कोंडली आणि तापली तर पाइप फुटतो. झालं, मी माझ्या मोठ्या कढईत वाळू भाजायला बसले. आई खमंग वासाच्या आशेने आत आल्या, कढईत डोकावल्या, माझ्याकडे बघितलं आणि परत गेल्या. संध्याकाळी शेजारणीला सांगत होत्या, “सून बरी आहे, पण आता जरा जपायला हवं तिला.”

राहिली उंची. गॉगलला ऐरणीचं काही माहीत नव्हतं, म्हणून ते मी सांगितलं. सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, मूठ वळायची. मुठीची हाडं जिथे येतील तिथे ऐरणीचं तोंड, म्हणजे वरचा सपाट भाग, आलं पाहिजे. जास्त उंच झाली तर खांदा जातो, बुटकी झाली तर कंबर. “कोणाच्या मुठीचं माप घेऊ?” त्याने विचारलं. मी म्हटलं, माझ्या. त्याने चष्म्यातून माझ्याकडे बघितलं (असावं, काही कळत नाही), मला दाराशी उजेडात उभं केलं, टेप लावला, खडूने खूण केली आणि कामाला लागला.

स्टँड झाला, झकास झाला. समोरच्या घड्याळजींनी आणि आणखी दोघा शेजाऱ्यांनी हात लावला, चेनपुलीने ऐरण उचलून वर बसवली, बोल्ट आवळले. (घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे काका, तुम्ही गेलात त्यानंतर समोर राहायला आले. त्यांच्या दुकानात प्रत्येक घड्याळात वेगळी वेळ असते आणि ते स्वतः वेळ विचारतात सूर्याला.) मी ह्यांच्या जागी जाऊन उभी राहिले, मूठ वळली, आणि बघते तर ऐरणीचं तोंड माझ्या मुठीच्या चांगलं चार बोटं वर.

गॉगल म्हणाला टेप चुकला. दुसरा टेप आणला. पायांची उंची बरोबर, प्लेटची जाडी बरोबर, ऐरणीची उंची बरोबर, बेरीज बरोबर. घड्याळजी घरून पितळी पट्टी घेऊन आले, त्यांनीही मोजलं, बेरीज पुन्हा तीच आली. मग गॉगलने मलाच परत दाराशी उभं करून मोजलं, मी रातोरात आकसले की काय म्हणून. मीही होते तेवढीच. सगळी मापं बरोबर, आणि ऐरणीसमोर उभी राहिले की चार बोटं जास्त! भाऊजी, तुमच्या खात्यात असं कधी होतं का? शेताच्या चारही बाजू बरोबर आणि शेत मात्र शेजाऱ्याच्या विहिरीत? आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे होतो तेवढ्यात आई काठी टेकत दाराशी आल्या. त्यांनी ऐरणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी सहज, भाजीत मीठ जास्त झालंय म्हणावं तसं म्हणाल्या, “ही त्याची उंची आहे.”

घड्याळजींनी पट्टी खिशात घातली आणि त्यांना एक घड्याळ बघायचं आठवलं.

खरा प्रकार दुसऱ्या दिवशीपासून सुरू झाला. तुम्हाला आठवत असेल, घणकऱ्याला लोहार तोंडाने सांगत बसत नाही. हातातली हातोडी ऐरणीवर दोनदा हलकी वाजवायची, टिण टिण, म्हणजे तयार राहा. मग तापलेल्या लोखंडावर जिथे हातोडी टेकेल तिथे घण पडला पाहिजे. आणि हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की पुरे. हे आयुष्यात माझ्याशी तोंडाने जेवढं बोलले त्यापेक्षा जास्त या टिणटिणीतून बोलले असतील. तर दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नाही, मी तांदूळ निवडत बसले होते, आणि कारखान्यातून आलं, टिण टिण. मग शांत. परत टिण टिण. मग शांत. भाऊजी, त्या टिणटिणीने मी घाबरले नाही. तिच्यानंतरच्या शांततेने घाबरले. कारण ती नुसती शांतता नव्हती, कोणीतरी वाट बघत थांबलंय अशी होती, आणि कोणाची वाट बघतंय ते मला ठाऊक होतं. माझे दोन्ही हात तांदळातच घणाच्या दांड्यावर असावेत तसे वळले होते.

उठून गेले. आत कोणी नाही. ह्यांची हातोडी भट्टीशेजारी खिळ्याला टांगलेली, जिथल्या तिथे. पोराचा ताप बघतात तसा उलटा हात मी ऐरणीला लावला. कोमट होती. वर्षभर भट्टी पेटलेली नाही, आणि ऐरण कोमट. गार ऐरणीवर घाव घातला तर तिची कड उडते, म्हणून थंडीत हे काम सुरू करायच्या आधी तापलेली सळई तिच्यावर ठेवून तिला ऊब द्यायचे. मला दुसरं काही सुचलं नाही, मी पदराने तिच्यावरची धूळ पुसली आणि बाहेर आले.

गॉगलचं म्हणणं, पत्र्याच्या भोकातून ऊन पडतं, ऐरण तापते. पत्राही तापतो आणि गार होताना टिणटिणतो. शिकलेल्या माणसासारखं बोलला. हे तो मला कारखान्यातच उभा राहून समजावत होता, आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याच्या पाठीमागे टिण टिण झालं. त्याने चष्मा काढला. (डोळे चांगले आहेत त्याचे, उगीच झाकतो.) एकदा ऐरणीकडे बघितलं, चष्मा परत घातला आणि वेल्डिंग मशीन तिथेच टाकून गेला. पुढे मशीन न्यायला आला तर उंबरा ओलांडेना. दाराबाहेर उभा राहून दोरीचा फास टाकून मशीन ओढायला लागला, गळाला मासा लावावा तसा. मासा काही लागेना. शेवटी मीच ढकलत बाहेर आणून दिलं.

याच दिवसांत खाणीवरचा नवा मुकादम पहारींचा भारा घेऊन दारात उभा राहिला. मी म्हटलं ठेवा, करून देते. तो इकडे तिकडे बघून म्हणाला, “बाई, काम जड आहे. घरात पुरुषमाणूस कोणी आहे का?” आणि आतून, विचारल्यावर ओ द्यावी तसं, टिण टिण. मुकादमाचं समाधान झालं. “आहेत वाटतं कामात,” म्हणाला, भारा टाकला आणि निघून गेला. हे गेल्याचं त्याला कोणी सांगितलेलं नसावं. नंतर कोणीतरी सांगितलं असणार, कारण तेव्हापासून तो ह्या गल्लीतून जात नाही, मागच्या बाजूने जातो.

आता तुम्ही म्हणाल वहिनीचं डोकं फिरलं. थांबा, चार बोटांचा उलगडा झाला. गॉगलला रात्रंदिवस ते चार बोटांचं गणित छळत होतं. धंद्यात नाव जातं म्हणून, भीतीपेक्षा अब्रू मोठी. एका सकाळी आला, सोबत गवंड्याची पाणसळ घेऊन, आणि पोटावर आडवा पडून जमीन बघायला लागला. मग जोरात हसला. “वहिनी, इकडे या. स्टँड बरोबर आहे, जमीन खोल आहे!” आणि खरंच, भाऊजी. ह्यांची उभं राहायची जी जागा, तिथे मातीत खळगा पडलेला. रोज त्याच जागी उभे राहून, रोज त्याच पायांवर भार देऊन, तुमच्या दादांनी जमीन चार बोटं खाली घातली होती. एक खळगा नव्हे, दोन. डावा पाय पुढे, उजवा जरा तिरका मागे. भुसभुशीत धुळीने भरले होते म्हणून दिसत नव्हते, पाय ठेवला की धूळ दबायची. माझं माप घेतलं दाराशी, सपाट जमिनीवर, आणि मी उभी राहत होते त्यांच्या पावलांत.

आम्ही पोट धरधरून हसलो. घड्याळजीही येऊन हसून गेले. आईंना खुणेने सांगितलं तर त्या हसल्या नाहीत, खाली बसल्या आणि त्या डाव्या खळग्यात तळहात ठेवून बराच वेळ बसून राहिल्या.

उपाय सोपा होता. गॉगलने पाटीभर मुरूम आणला, खळगे भरले, पाणी मारलं, धुमसाने ठोकून ठोकून सपाट केलं. मी उभी राहिले; मूठ आणि ऐरणीचं तोंड अगदी बरोबर. सगळे आपापल्या घरी गेले. सकाळी उठून कारखाना उघडला आणि पाय दारातच थांबले. मुरूम खाली बसला होता. सगळा नाही. दोन जागी. डावा पुढे, उजवा जरा तिरका मागे.

गॉगल म्हणाला नवी माती बसतेच, त्यात काय. (हसत म्हणाला, पण एकाच बाजूने.) पुन्हा खडी घालून भरलं, दुप्पट ठोकलं, वरून जड फळी टाकून त्यावर तो स्वतः नाचला. सकाळी फळी बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेली होती आणि खडी पुन्हा चार बोटं खाली. फळी कोणी उचलली? आई म्हणाल्या त्यांनी नाही. मी नाही. कारखान्याची किल्ली माझ्या कंबरेला. या वेळी गॉगल हसला नाही. खिडकीशी उभा राहून हळूच म्हणाला, “वहिनी, त्यांना जागा सोडायची नाहीये.”

मी तिथे ऐरणीला टेकून उभी होते. वाटलं, तुमचं पत्र खरं करावं. द्यावी ऐरण, लावावं कुलूप, वरच्या खोलीत जाऊन राहावं. तिथल्या जमिनीला कोणाचे पाय उमटलेले नाहीत. रडू आलं, तेही आलं. मग मला रागच आला. म्हटलं, नका सोडू जागा! मी कुठे मागतेय? मी गॉगलला सांगितलं, खळगे भरायचे नाहीत. स्टँडचे पाय काप. चार बोटं. मी ह्यांच्याच पावलांत उभी राहीन, ऐरण माझ्यापर्यंत खाली येऊ दे.

त्याने कापले. सगळ्या खिडक्या उघडून, दारात घड्याळजींना बसवून, पण कापले. ऐरण खाली घेतली, पायांची टोकं ग्राइंडरने उडवली तेव्हा माझी भाजलेली वाळू भुरभुर सांडली. परत भरली, तळाला पट्ट्या जोडल्या, वाफ निघायला बारीक भोक ठेवलं, ऐरण वर चढवली. मी अनवाणी त्या खळग्यांत उभी राहिले. मोठ्या माणसाच्या वहाणेत पाय सरकवावा तसं वाटलं, टाचेला जागा उरते. मूठ वळली. ऐरणीचं तोंड मुठीला येऊन भिडलं. त्या दिवशी टिणटिण झाली नाही.

पुढच्या दिवशी भट्टी पेटवली, पहार तापत घातली, आणि मग लक्षात आलं की आपण शहाणे किती. पहार धरायला एक माणूस लागतो आणि घण मारायला दुसरा. मी एकटी. धरून मारायला जाते तर पहार वळते, मारायला सोडते तर पडते. शेवटी आईंना हाक मारली, म्हणजे हात धरून आणलं. त्यांना स्टुलावर बसवलं, पहारीच्या गार टोकाला ओलं फडकं गुंडाळून ते त्यांच्या हातात दिलं आणि खुणेने सांगितलं, मी मारते, तुम्ही फक्त फिरवत राहा. मग घण घेऊन मी माझ्या जुन्या बाजूला उभी राहिले. समोर ह्यांची जागा. रिकामी.

तापलेलं टोक ऐरणीवर आलं. आणि टिण टिण झालं.

मी मारलं, भाऊजी. विचारच केला नाही, हातांनीच मारलं. मग पुढे टेकल्याचा आवाज, तिथे मारलं. मग जरा मागे. कुठे मारायचं ते मला दिसत नव्हतं, कळत होतं, पूर्वीसारखं. आणि आई, ज्यांच्या कानाशी थाळी वाजवली तरी त्या वळून बघत नाहीत, त्या प्रत्येक टिणीला पहार बरोबर पाव फेरा फिरवत होत्या. डोळे मिटलेले. एकदा ओठ हलले. माझा घण थांबला नाही. टोक निघालं, लांब आणि सरळ. परत तापवलं, परत सुरू. मला कळत होतं की झालं, आता पुरे, पण थांबायची खूण येईना, आणि खुणेशिवाय मी कधी थांबलेली नाही. खरं सांगायचं तर मला थांबायचंच नव्हतं. घण खाली ठेवला की समोर पुन्हा कोणी नसणार. हात भरून आले, डोळ्यांत घाम, समोरचं सगळं लाल, आणि मी मारतच होते.

मग ऐरणीवर ठक् असा आवाज झाला. जड, बसका. मी घण टेकला आणि घाम पुसून बघितलं. ह्यांची हातोडी ऐरणीवर आडवी ठेवलेली होती.

त्यानंतर काही झालेलं नाही. दुपारच्या वेळी गल्ली शांत असते, आणि ती शांतता आता कोणाची वाट बघत नाही. ऐरण सकाळी गार असते. मीच सळई ठेवून तिला ऊब देते. त्या खळग्यांत रोज उभी राहते. माझे पाय लहान आहेत, पण टाचेशी थोडी नवी माती साठायला लागली आहे.

म्हणून भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं आहे. तुमचा आणि जाऊबाईंचा राग नसावा. वरच्या खोलीत कोणा चांगल्या माणसाला ठेवा.

तुमची,
वहिनी

ता. क. – एवढं लांबण लावलं ते खरं तर पुढच्या ओळीसाठी. मला घणकरी हवा आहे. पहारींचा ढीग पडून आहे, आईंना रोज बसवणं बरं नाही, आणि गॉगल उंबऱ्याच्या आत येत नाही. मी लग्न होऊन या घरात यायच्या आधी तुमच्या दादांसमोर घण तुम्हीच मारायचात, आणि बरा मारायचात असं हे म्हणत. (फार वेळा नाही, पण म्हणत.) महिनाभराची रजा काढून या. डॉक्टरांनी तुम्हाला हालचाल करा म्हणून सांगितलंच आहे. इथेही एक खोली रिकामी आहे. कंबरेची काळजी करू नका, तुमच्या बाजूच्या जमिनीत खळगा नाही, आणि घणाने एक तर कंबर सरळ होते, नाहीतर तिचा विषय तरी संपतो.

ता. क. (दुसरं) – पत्र आईंनी माझ्या हातातून ओढून घेऊन वाचलं. त्यांना फार हसू आलं. म्हणाल्या, “काय लिहिलंयस हे? टिणटिण कसली? घाव कुठे हवा ते तुला दाखवायला मीच पहार ऐरणीवर आपटत होते. लोहाराची बायको होते, लोहाराची आई आहे, मला एवढं येत नाही होय?” मी हातोडीकडे बोट दाखवलं, ती कशी आली? तर म्हणाल्या, “ती मी ठेवली आडवी. तुझे हात थरथरत होते गं, आणि तू काही केल्या थांबेनास.” हे तुम्हाला मुद्दाम कळवायला सांगितलं आहे, नाहीतर धाकटा भित्रा आहे, यायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा निर्धास्त या.

ता. क. (शेवटचं) – आई आत जाऊन पडल्या आहेत, म्हणून पाकीट चिकटवण्याआधी एवढं लिहिते. हातोडी ऐरणीवर आली तेव्हा पहार आईंच्या दोन्ही हातांत होती. मी समोरच उभी होते. आल्यावर त्यांना याबद्दल काही विचारू नका. मीही विचारलेलं नाही.